अँडीजच्या पर्वतांत : पायीं कीं गाडीनें ?

“दुरून डोंगर साजरे” ही म्हण मराठी घरांत लहानथोरांच्या तोंडीं असते. पण तिच्यांतलें तथ्य जवळ जाणाऱ्यालाच पटतें. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताची गोष्ट अशीच आहे. चित्रांतून तो पाहतांना हिरव्या कड्यावरील दगडी शहर, निळें सरोवर आणि लोकरीचीं रंगीत वस्त्रें तेवढीं दिसतात. हवा दिसत नाहीं. आणि या पर्वतांतील प्रवासाचें सुखदुःख बहुतांशीं त्या न दिसणाऱ्या हवेवरच अवलंबून असतें.

समजा, पुण्यांतील एका घरीं या प्रवासाचा बेत चालला आहे. वडिलांना चौसष्टावें वर्ष लागलें आहे, मुलगी तिशीची आहे. वडील म्हणतात, “अग, मला आतां डोंगर चढणें झेपायचें नाहीं. गाडीची सहलच बरी. निदान तींत धोका तरी नाहीं.” मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही खुशाल गाडीनें जा. मी दर पावसाळ्यांत राजगड-तोरणा करतें. मला कसला त्रास व्हायचा? आणि चालल्यावांचून पर्वत पाहिला असें म्हणायचें तरी कसें ?” दोघांचेंहि बोलणें वरवर पाहतां सयुक्तिक आहे. तथापि दोघांच्याहि बोलण्यांत एकेक चूक दडली आहे, आणि ती चूक प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे.

अँडीजची रांग व्हेनेझुएलापासून चिली-आर्जेंटिनाच्या दक्षिण टोंकापर्यंत सात देशांतून सुमारें ७,००० किलोमीटर गेलेली आहे. आर्जेंटिनांतील आकोंकाग्वा हें तिचें सर्वोच्च शिखर सुमारें २२,८४० फूट उंच असून आशिया खंडाबाहेर त्याहून उंच शिखर नाहीं. एवढ्या मोठ्या पर्वतापैकीं परदेशी प्रवासी मुख्यतः जातो तो पेरू देशांत, इंका लोकांची जुनी राजधानी कुस्को आणि तिच्या वायव्येचें माचू पिच्चू पाहावयास. पंधराव्या शतकांत इंका सम्राट पाचाकुती याच्या काळीं उभारलेलें हें स्थान भोंवतालच्या शेतकऱ्यांना ठाऊक होतें. १९११ सालीं हायरम बिंगहॅम या अमेरिकन अध्यापकानें तें बाहेरच्या जगाच्या नजरेस आणलें, आणि १९८३ मध्यें युनेस्कोनें त्याचा जागतिक वारशांत समावेश केला.

आतां हवेचा विचार करूं. गाद्यांची चळत रचली असतां तळाची गादी दबून घट्ट होते आणि वरची फुगलेली राहते. पृथ्वीभोंवतालच्या हवेचें असेंच आहे. समुद्रकांठीं वरच्या साऱ्या हवेचा भार असल्यामुळें ती दाट असते. उंच जावें तसतशी विरळ होते. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण दोन्हीं ठिकाणीं तेंच, शेंकडा एकवीस. परंतु एका श्वासांत मुळांत हवाच कमी येते, म्हणून प्राणवायुहि कमी मिळतो. कुस्को शहर सुमारें ११,१५० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसलें आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन-तृतीयांश असतो. या उणिवेशीं शरीर जुळवून घेतें. श्वास जलद होतो, मूत्रपिंडें रक्तांतील क्षारांचा मेळ बदलतात, पुढें रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात. पण हें काम तासांचें नसून दिवसांचें आहे. तो अवधि न दिल्यास डोकें दुखणें, मळमळ, अन्नद्वेष आणि निद्रानाश हीं लक्षणें दिसूं लागतात. पेरूंतील लोक या विकाराला ‘सोरोचे’ म्हणतात.

येथें वडिलांची चूक ध्यानांत येईल. गाडी पायांचे श्रम वांचविते. फुप्फुसांचे वांचवीत नाहीं. उलट, पायीं चालणारा जी उंची दोन-तीन दिवसांत गांठील ती विमान आणि मोटार तासा-दोन तासांत गांठून देतात. लिमा हें शहर समुद्रकांठीं. तेथून विमानांत बसलेला प्रवासी दीड तासाच्या आंत कुस्कोला उतरतो. कुस्कोहून टिटिकाका सरोवराकडे जाणारी मोटार ला राया नांवाची १४,००० फुटांहून उंच खिंड ओलांडते, आणि सरोवराच्या कांठीं प्रवासी रात्र काढतो ती १२,५०० फुटांवर. अरेकिपा शहर सुमारें ७,६०० फुटांवर आहे. तेथून कंडोर पक्षी पाहण्यासाठीं कोल्का दरीकडे सकाळीं निघालेली मोटार दुपारच्या सुमारास १६,००० फुटांची खिंड पार करते. माचू पिच्चूच्या प्रसिद्ध पायवाटेवरील सर्वांत उंच खिंड १३,८०० फुटांचीच आहे. म्हणजे स्थलदर्शनाची सहल पदयात्रेहून दोन हजार फूट अधिक उंच जाऊं शकते.

मुलीची चूक याहून नाजूक आहे. अंगांतील ताकद आणि चालण्याचा सराव यांमुळें चढण सुकर होते. पण विरळ हवेचा विकार टळत नाहीं. तो धट्टाकट्ट्या तरुणालाहि होतो आणि कृश म्हाताऱ्यालाहि होतो. पूर्वीं उंचावर गेलें असतां कसें सोसलें हाच त्यांतल्या त्यांत बरा अंदाज. लेहला विमानानें गेलेल्यांना हें ठाऊक आहे, कारण लेहची उंची जवळजवळ कुस्कोएवढीच आहे. सशक्त मनुष्याची अडचण अशी कीं, तो डोकेदुखीकडे दुर्लक्ष करून सर्वांच्या पुढें चालत राहतो. स्वस्थ बसलें असतांहि धाप लागणें, खोकल्यांतून फेस येणें, पावलें झोंकांड्या खाणें, बोलण्यांत भ्रम होणें, ही मृत्यूची पूर्वसूचना समजावी. अशा वेळीं सकाळची वाट पाहूं नये. तत्काळ खालीं उतरावें. दुसरा खात्रीचा उपाय नाहीं.

यावरून एक नियम निघतो, तो दोन्हीं प्रकारच्या प्रवासाला सारखाच लागू आहे. सुमारें १०,००० फुटांवर गेल्यानंतर झोंपण्याची जागा एका दिवसांत १,६०० फुटांहून अधिक वाढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस मुक्काम करावा. विमानानें कुस्कोला उतरणाऱ्याकडून हा नियम पहिल्याच दिवशीं मोडतो. त्यावरची तोड सोपी आहे. विमानतळावरून तडक उरुबांबा नदीच्या खोऱ्यांत उतरावें. तेथील ओयांतायतांबो हें गांव सुमारें ९,२०० फुटांवर आहे. दोन-तीन रात्री तेथें काढून मग कुस्कोला परतावें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें असेटाझोलामाइड हें औषधहि घेतां येतें. स्थानिक लोक कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तेथें कायदेशीर आहे. मात्र तीं पानें आठवण म्हणून घरीं आणूं नयेत, कारण भारतांत १९८५ च्या अंमली पदार्थांविषयींच्या कायद्यानें त्यांना बंदी आहे.

एवढें झाल्यावर खऱ्या निवडीकडे वळतां येईल. पायवाटेची यात्रा म्हणजे काय ? कुस्को-माचू पिच्चू लोहमार्गावरील ८२ व्या किलोमीटरच्या खुणेपासून ती सुरू होते. सुमारें ४२ किलोमीटर अंतर चार दिवसांत चालावयाचें. दुसऱ्या दिवशीं वार्मीवान्युस्का, म्हणजे ‘मृत स्त्री’ नांवाची खिंड येते. डोंगराची कड निजलेल्या स्त्रीसारखी दिसते म्हणून हें नांव. त्यापुढें दगडी पायऱ्यांचे उतार लागतात, आणि गुडघ्यांची परीक्षा चढापेक्षां या उतारांवरच अधिक होते. सायाकमार्का, फुयुपाटामार्का, विन्याय वायना हे इंकांचे अवशेष या वाटेवरच आहेत. तेथें कोणतीहि गाडी जात नाहीं. शेवटल्या दिवशीं ‘सूर्यद्वार’ नांवाच्या खिंडींतून माचू पिच्चू प्रथम खालीं दिसतें. इंकांचा मनुष्य ज्या वाटेनें येई त्याच वाटेनें आपणहि आलों, हें समाधान गाडींतून मिळणार नाहीं.

या वाटेवर परवानाधारक वाटाड्यावांचून कोणासहि जातां येत नाहीं. दिवसाला पांचशें माणसांनाच प्रवेश असून त्या संख्येंत वाटाडे, आचारी आणि हमालहि धरलेले असतात. त्यामुळें प्रवाशांच्या वांट्याला निम्म्याहून कमी जागा येतात. परवाना पारपत्रावरील नांवानें निघतो आणि दुसऱ्याला देतां येत नाहीं. मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांचे परवाने कित्येक महिने आधींच संपतात, आणि फेब्रुवारींत दुरुस्तीसाठीं वाट बंद असते.

स्वस्तांतला पर्याय निवडतांना आणखी एक गोष्ट विसरूं नये. तंबू, भांडीं आणि शिधा हमालांच्या पाठीवरून जातो. हे बहुधा केचुआ भाषा बोलणारे शेतकरी असतात. पूर्वीं त्यांच्या पाठीवर वाटेल तेवढें ओझें लादलें जाई. पेरू सरकारनें २००१ सालीं कायदा करून ओझ्याला २० किलोंची मर्यादा घातली आणि त्यांच्या मजुरीला व निवाऱ्याला संरक्षण दिलें. कायदा झाला तरी तो पाळणारा आणि टाळणारा असे दोन्हीं प्रकारचे कंत्राटदार असावयाचेच. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं हमालांना झोंपावयास तंबू आणि पोटभर जेवण मिळतें कीं नाहीं, हें प्रवाशानें विचारावें. दर फारच कमी असेल, तर ती काटकसर बहुधा याच माणसांच्या पोटांतून झालेली असते.

स्थलदर्शनाच्या सहलीला कमी लेखण्याचें कारण नाहीं. पायवाटेवरच्या चार दिवसांत जें पाहावयास मिळत नाहीं तें तिच्यांत मिळतें. कुस्कोमधील कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनीं मठ उभारला. १९५० च्या भूकंपांत मठ ढांसळला, पण इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. साक्सायवामानचे प्रचंड पाषाण, पिसाकच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतजमिनी, टिटिकाकावरील लव्हाळ्यांचीं तरंगतीं बेटें, हें सर्व निवांतपणें पाहण्याजोगें आहे. सहलीचा दोष असेल तर तो घाईचा. आठ दिवसांत दहा ठिकाणें दाखविणारें वेळापत्रक पाहून पुष्कळांना पैसे वसूल झाल्यासारखें वाटतें. वस्तुतः तेंच वेळापत्रक सर्वांत धोक्याचें असतें.

निवडीपूर्वीं दुसरा एक प्रश्न स्वतःला विचारावा : मध्येंच परतावें लागलें तर ? गाडीच्या प्रवाशाला मोटार वळवून खालीं आणतां येतें. पायवाटेवर दुसऱ्या दिवसानंतर रस्ता नाहीं. स्वतःच्या पायांनीं किंवा दुसऱ्याच्या खांद्यावरूनच परतावें लागतें. हृदयाचें दुखणें, अधू गुडघे किंवा पूर्वीं उंचीवर झालेला त्रास असेल, त्यानें हा प्रश्न डॉक्टरांपुढें ठेवल्यावांचून निर्णय घेऊं नये.

मध्यम मार्गहि आहे. १०४ व्या किलोमीटरपाशीं आगगाडींतून उतरून एकाच दिवसांत विन्याय वायनावरून सूर्यद्वारापर्यंत चालतां येतें. यालाहि परवाना आणि वाटाड्या लागतोच. पण उंच खिंड आणि तंबूंतील रात्री टळतात.

हा विचार पेरू-बोलिव्हियाच्या उंच मुलुखाला लागू आहे. चिलीच्या दक्षिणेंतील तोरेस देल पाइने किंवा आर्जेंटिनांतील फिट्झ रॉय शिखराचा परिसर येथें पायवाटा कमी उंचीवरून जातात, म्हणून हवा विरळ होण्याची भीति नसते. तेथें सामना असतो तो वाऱ्याशीं. त्या बाजूस नोव्हेंबर ते मार्च या उन्हाळ्यांत जावें, आणि निवड खुशाल पायांच्या बळावर करावी.

राहतां राहिलें आपलें पुण्याचें कुटुंब. त्यांनीं आठ दिवसांचा बेत सोडून पंधरा दिवसांचा करावा. पहिल्या दोन-तीन रात्री दोघांनींहि खोऱ्यांत आणि पुढच्या दोन कुस्कोंत काढाव्या. मग मुलीनें वाटाड्यासह पायवाट धरावी. वडिलांनीं कुस्को सावकाश पाहून चौथ्या दिवशीं ओयांतायतांबोहून आगगाडीनें माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गांवीं जावें. माचू पिच्चू कुस्कोपेक्षां तीन हजार फुटांहून अधिक खालीं असल्यामुळें त्यांना तेथें उलट बरेंच वाटेल. टिटिकाका पाहावयाचें असेल तर तें शेवटीं ठेवावें. पेरूहून भारतांत परततांना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि ती लस निदान दहा दिवस आधीं घ्यावी लागते. साठी उलटलेल्यांनीं ती घेण्यापूर्वीं डॉक्टरांशीं बोलावें. म्हणून वडिलांनीं हें काम तिकिटें काढण्याच्या आधींच उरकावें.

असें केल्यास वडिलांना न चालल्याची खंत नाहीं आणि मुलीला वाट पाहावयास लावल्याचा संकोच नाहीं. चार दिवसांनीं त्या गांवांत दोघें भेटतील, तेव्हां प्रत्येकाजवळ दुसऱ्याला सांगण्याजोगें कांहीं तरी असेल.