स्वाइप स्वित्झर्लंडात, चटका मुलुंडला

आधी आकडा. बहुतेक भारतीय बँकांच्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी चलनात खर्च केला की ३.५ टक्के ‘फॉरेक्स मार्कअप’ लागतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. झाले ४.१३ टक्के. बँकॉकमध्ये दहा हजार रुपयांची खरेदी केलीत, की ४१३ रुपये बँक आणि सरकार मिळून नेतात. बोरिवली ते चर्चगेट सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गंमत म्हणजे दुकानाच्या पावतीवर हे पैसे कुठेच दिसत नाहीत. ते उगवतात महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये, खाली कुठेतरी, आणि तोवर आपण मुलुंडला परतून शेजाऱ्यांना फोटो दाखवण्यात गुंग असतो.

मूळ विनिमय दर तसा वाईट नसतो, हेही सांगायला हवं. तो ठरवतं व्हिसा किंवा मास्टरकार्ड, आणि तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा तर नक्कीच बरा. फक्त तो दर कार्ड घासल्याच्या क्षणाचा नसतो, व्यवहार बँकेत पोचून नोंदला जातो त्या दिवशीचा असतो. त्यामुळे गुगलवर दर बघून केलेला हिशेब आणि बिल यांचं सहसा जुळत नाही.

मशीनवरचा गोड प्रश्न

खरी मजा इथे आहे. ल्युसर्नमधलं चॉकलेटचं दुकान डोळ्यांसमोर आणा. बस वीस मिनिटांत सुटणार, टूर मॅनेजर घड्याळाकडे बोट दाखवतोय, मागे आपलीच अर्धी टूर पिशव्या घेऊन उभी. काउंटरवरची मुलगी हसत मशीन पुढे सरकवते. पडद्यावर दोन ओळी: एकीत स्विस फ्रँक, दुसरीत भारतीय रुपये, तेही पैशांपर्यंत मोजून. काकू म्हणतात, “अहो, रुपयांतच दाबा ना, म्हणजे कळेल तरी किती गेले!” आणि अहो दाबतात.

याला म्हणतात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, डीसीसी. इथे फ्रँकचे रुपये करण्याचं काम आपल्या कार्डाचं नेटवर्क करत नाही. ते करते दुकानदाराची बँक किंवा तिची कंपनी, स्वतःच्या मनाच्या दराने. तो दर चार-सहा टक्क्यांनी महाग असणं नेहमीचंच, कधी त्याहूनही जास्त. त्या कमाईत बऱ्याचदा दुकानाचाही वाटा असतो. बरं, रुपयांत दिले म्हणून आपली बँक गप्प बसते का? छे! व्यवहार रुपयांतला असला तरी दुकान परदेशातलं, या कारणाखाली बऱ्याच बँका एक टक्क्याच्या आसपास शुल्क लावतात, वर जीएसटी आहेच. काही कार्डांवर तर पूर्ण मार्कअप. म्हणजे ‘कळेल तरी’ या समाधानाची किंमत दोन्ही काठांवर मोजायची.

तेव्हा तिकडचं चलन निवडायचं. फ्रँक, युरो, बाथ, दिरहम, जे असेल ते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही नियम सांगतात की निवड ग्राहकाची. दुकानदाराने परस्पर रुपये लावायचे नाहीत आणि दर पावतीवर दाखवायचा. घाईत त्याने लावलेच, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं. भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या घाटकोपरकरांनी तिथे संकोच करायचं काही कारण नाही.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवणाऱ्या भाषेत येतो. ‘कन्व्हर्जन नाकारा’ असं बटण असतं, आणि ते दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. मिळतात. नाकारायचं ते फक्त त्या एटीएमवाल्याचा दर.

पण क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं हा मुळातच वेडेपणा आहे. साधारण अडीच टक्के कॅश ॲडव्हान्स फी, तिला किमान रकमेची अट, वर तोच मार्कअप, आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तेही पहिल्या दिवसापासून. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत रोखीला नाही. पाकीट चोरीला गेलं, रात्र झाली, टॅक्सीवाला रोखच मागतोय, अशा वेळी ठीक. एरवी डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड वापरावं.

घरबसल्या परदेशवारी

मार्कअपसाठी पासपोर्ट लागतोच असं नाही. मुलुंडच्या सोफ्यावर बसून एखाद्या हॉटेल बुकिंगच्या साइटवर रुपयांत पैसे भरलेत, पण त्या कंपनीची नोंदणी ॲमस्टरडॅमची किंवा सिंगापूरची असेल, तर बँकेच्या लेखी तो परदेशी व्यवहार. ॲप मराठीत असो, किंमत ₹ लावून असो, उपयोग नाही.

बुकिंग रद्द केलं की दुसरा अंक. परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, आणि आधी कापलेला मार्कअप बहुतेकदा परत येत नाही. न झालेल्या सहलीचा खर्च! हॉटेलच्या चेक-इनला घेतलेली अनामत रक्कम वेगळी. ती नुसती अडकवून ठेवलेली असेल तर सुटते, पण खरोखर कापून परत केली तर पुन्हा तीच दराची उलथापालथ.

आणि ओटीपीच्या भरवशावर राहू नका. भारतात ऑनलाइन ओटीपीशिवाय पान हलत नाही, पण कित्येक परदेशी साइट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे घेऊन मोकळ्या होतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आदेश काढला, की नवीन कार्ड फक्त देशात चालू असेल. परदेशी वापर ज्याचा त्याने सुरू करून घ्यायचा. सहारच्या टी-टूवर सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहून ॲपमध्ये ते बटण शोधणारी माणसं रोज दिसतात. परत आल्यावर ते बंद करणारी मात्र विरळा.

दुबईत शून्य मार्कअप होता, त्याची गोष्ट

एके काळी आखातात आपला रुपयाच चालायचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडे. पण तिकडून सोनं चोरून मुंबईच्या किनाऱ्याला लागायचं, त्याबदल्यात गेलेले रुपये तिकडे जमायचे आणि फिरून रिझर्व्ह बँकेच्या दारात यायचे, पौंड मागायला. शेवटी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, ‘गल्फ रुपी’. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं. मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि कतार-दुबईनेही रुपयाला रामराम ठोकला. ओमानने तेवढी १९७० पर्यंत साथ दिली.

आपल्याकडची अवस्था त्या काळात अशी, की शिकायला विलायतेला निघालेल्या मुलाच्या खिशात अधिकृतपणे आठ डॉलर. आठ! उरलेलं नातेवाइकांच्या आणि देवाच्या हवाली. १९७३ चा ‘फेरा’ कायदा तर परकीय चलनाकडे गुन्ह्याच्या नजरेनेच बघायचा. योगायोग असा, की त्याच साली अंधेरीत सीप्झ सुरू झालं, निर्यात करून डॉलर कमवायला. पुढे तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून ऑनसाइट निघालेली पोरं ट्रॅव्हलर्स चेकची पुस्तिका घेऊन जायची: एक सही बँकेसमोर, दुसरी वटवताना, आणि दोन्ही जुळल्या नाहीत की घाम. कार्डं असायची, पण त्यांतल्या बऱ्याच कार्डांवर ठळक छापलेलं असे: फक्त भारत आणि नेपाळमध्ये ग्राह्य.

डॉलरची ती चणचण १९९१ च्या जुलैत टोकाला गेली. रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला पाठवलं आणि तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. आज त्याच मुंबईच्या विमानतळावर लाउंजच्या दाराशी कार्ड दाखवून फुकट उपमा खाणाऱ्यांची रांग असते. ‘फेरा’ जाऊन जून २००० पासून ‘फेमा’ आला, २००४ मध्ये माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, आता ती अडीच लाख डॉलर आहे.

सहा आठवड्यांचा गोंधळ

या अडीच लाखांच्या योजनेचं नाव एलआरएस. क्रेडिट कार्ड तिच्या बाहेर होतं. १६ मे २०२३ ला केंद्राने ते आत ओढलं, आणि त्याच वर्षी परदेशी पैसे पाठवण्यावरचा टीसीएस २० टक्के व्हायचा होता. म्हणजे पॅरिसमधल्या कॉफीवरही टीसीएस? ओरड झाली. तीन दिवसांत खुलासा: वर्षाला सात लाखांपर्यंत चिंता नको. २८ जूनला तर निर्णयच पुढे ढकलला. परिणाम असा, की परदेशात प्रत्यक्ष जाऊन क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये धरत नाहीत, आणि फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे धरतात. टीसीएसची सात लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. टीसीएस हा आगाऊ कापलेला कर. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, तेव्हा फार घाबरू नये.

मग न्यायचं काय?

शून्य मार्कअपची कार्डं आता मिळतात; फेडरल बँकेसोबतचं स्कॅपिया २०२३ मध्ये त्याच आमिषावर बाजारात आलं. महागड्या प्रीमियम कार्डांवर मार्कअप दोन टक्क्यांच्या घरात असतो. वर्षातून एकदा जाणाऱ्याने पाच आकडी वार्षिक फीचं कार्ड मार्कअप वाचवायला घेणं म्हणजे मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फॉरेक्स कार्डात दर आधीच पक्का होतो, हे त्याचं बलस्थान. पण युरो भरून स्वित्झर्लंडात घासलंत तर क्रॉस-करन्सी शुल्क लागतं, कारण तिथे फ्रँक चालतो. ‘युरोप’ची टूर म्हणजे सगळीकडे युरो, हा समज लंडन, झुरिक आणि प्रागमध्ये महागात पडतो.

लंडनच्या ट्यूबमध्ये कार्ड टॅप करून बिनधास्त फिरा. दिवसभराच्या फेऱ्या एकत्र करून एकच रक्कम कापतात, आणि तिला दिवसाची कमाल मर्यादाही आहे. फक्त दर वेळी तेच कार्ड टॅप करायचं. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन असं केलं की यंत्राला दोन वेगळे प्रवासी दिसतात.

यूपीआयसुद्धा निघालंय फिरायला. भूतानमध्ये २०२१ पासून, आयफेल टॉवरच्या तिकिटाला, श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून. त्यामागची संस्था, एनपीसीआय, आपल्याच वांद्रे-कुर्ला संकुलात बसते.

थोडी रोख हवीच. साधारणपणे एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. त्या विमानतळावर नव्हे, आधीच दोन-तीन परवानाधारक मनी चेंजरना फोन करून घ्या. भाव करता येतो, आणि ते ऐकतात. एक लाख रुपयांचं चलन घेतलं तर त्यावरचा जीएसटी फक्त १८० रुपये.

आणि उरलेल्याचं काय? दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घरी हव्या तेवढे दिवस ठेवता येतात. त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत जमा करायच्या. नाण्यांना मात्र मर्यादाच नाही. सेंट, पेनी, सेन, कितीही किलो ठेवा, कायद्याची हरकत नाही. कारणही उघड आहे: मनी चेंजर ती घेतच नाहीत.