कारले ताटात हवे, औषधाच्या जागी नको

न्यू जर्सीतील एडिसनचा ओक ट्री रोड असो वा शिकागोची डेव्हन अव्हेन्यू, अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांत कारले आता सहज मिळते. ताज्या भाजीच्या शेजारी गोठवलेल्या फोडींची पाकिटे असतात आणि काही पावलांवर कारल्याचा रस, चूर्ण व कॅप्सूलही मांडलेल्या दिसतात. ही सारी उत्पादने एकाच फळाची असली, तरी शरीरावरील त्यांचा परिणाम सारखाच असेल असे नाही. मधुमेह असलेल्या घरांत हा फरक समजून घेणे विशेष आवश्यक आहे.

अशी घरे थोडी नाहीत. अमेरिकेच्या 2011 ते 2016 या काळातील राष्ट्रीय आरोग्य पाहणीचे विश्लेषण ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दक्षिण आशियाई वंशाच्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे 23 टक्के, तर गौरवर्णीय प्रौढांमध्ये सुमारे 12 टक्के आढळले.

कारल्यात काय असते?

काकडी, दुधी, भोपळा यांच्याच कुळातील या वेलीला आयुर्वेदात कारवेल्लक म्हणतात. 100 ग्रॅम कच्च्या कारल्यात केवळ 17 कॅलरी, सुमारे 3 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 84 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. उकडून पाणी काढून टाकल्यास हे जीवनसत्त्व 33 मिलिग्रॅमपर्यंत घटते. कमी कर्बोदके आणि भरपूर तंतू यांमुळे मधुमेही व्यक्तीसाठी ही भाजी उत्तमच ठरते.

रक्तातील साखर उतरवण्याच्या गुणाचे श्रेय मुख्यतः चॅरँटिन आणि इन्सुलिनसदृश पॉलिपेप्टाइड-पी या घटकांना दिले जाते. प्रयोगशाळेत व प्राण्यांवर त्यांचा परिणाम दिसला आहे. माणसांवरील पुरावा मात्र तोकडा आहे. कॉक्रेन या संस्थेने 2012 मध्ये 479 रुग्णांचा समावेश असलेल्या चार चाचण्या तपासल्या, तेव्हा टाइप 2 मधुमेहावर कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचा निष्कर्ष निघाला. थायलंडमधील 2011 च्या चार आठवड्यांच्या चाचणीत रोज 2,000 मिलिग्रॅम कारल्याने साखरेच्या एका निर्देशांकात घट झाली, परंतु ती मेटफॉर्मिनच्या तुलनेत कमी होती.

कर्करोगाविषयीच्या दाव्यांचेही तसेच आहे. मिसुरीतील सेंट लुइस विद्यापीठात डॉ. रत्ना रे यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगपेशींवर कारल्याच्या अर्काचा परिणाम 2010 मध्ये नोंदवला. ते काम प्रयोगशाळेतील पेशींवरचे होते. त्यावरून रुग्णाचा उपचार ठरवता येत नाही.

सावधगिरी कोठे?

खरा धोका औषध आणि कारले यांचा परिणाम एकत्र होण्यात आहे. कारल्याची भाजी आणि क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहाचे औषध यांच्या अशा संयुक्त परिणामाची नोंद ब्रिटनमधील ‘लॅन्सेट’ने 1979 मध्येच छापली होती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी रोज रिकाम्या पोटी कारल्याचा रस घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. भारतातून मुलांकडे आलेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर प्रवासामुळे जेवणाच्या व औषधांच्या वेळाही बदललेल्या असतात. अंग थरथरणे, घाम फुटणे, चक्कर येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. व्यक्ती शुद्धीवर असल्यास सुमारे 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडातून काहीही न देता 911 ला फोन करावा.

गर्भवती स्त्रियांनी रस, अर्क व कॅप्सूल टाळाव्यात. जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी बियांपासून दूर राहावे. त्यांतील व्हायसीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका संभवतो.

कॅप्सूल निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1994 च्या अमेरिकी कायद्यानुसार आहारपूरक उत्पादनांना विक्रीपूर्वी अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी लागत नाही. बाटली दुकानात आहे, म्हणजे तिची परिणामकारकता सरकारने तपासली आहे असा अर्थ होत नाही.

कडूपणा राखून चव

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही म्हण माणसाच्या स्वभावासाठी असली तरी स्वयंपाकातही उपयोगी आहे. कडूपणा पुसण्यासाठी वाटीभर गूळ आणि तेलाचा मारा केला, तर भाजीचा मूळ लाभच हरवतो. आंबट, तिखट व खमंग चवींची साथ दिल्यास तोच कडूपणा रुचकर लागतो.

चौघांसाठी काचऱ्या करताना एक पाऊंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, कोवळी हिरवी कारली घ्यावीत. दुकानात दोन जाती दिसतात: भारतीय कारले लहान, गडद आणि काटेरी, चिनी कारले लांब, फिकट आणि गुळगुळीत उंचवट्यांचे. चिनी जात तुलनेने सौम्य लागते. जून बिया काढून पातळ चकत्या कराव्यात, चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटे ठेवाव्यात आणि हलक्या हाताने पिळाव्यात. फार पिळल्यास कडूपणासोबत क जीवनसत्त्वही वाहून जाते.

दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून चकत्या मध्यम आचेवर, झाकण न ठेवता पंधरा मिनिटे परताव्यात. झाकण ठेवले की वाफेने त्या मऊ पडतात. कडा तांबूस झाल्यावर तिखट, भाजलेले तीळ, दाण्याचे कूट, सुके खोबरे आणि आमचूर घालावे. हवा असल्यास गूळ शेवटी लहान चमचाभरच घालावा. मीठ चाखूनच घालावे, कारण चकत्यांत ते आधीच मुरलेले असते. भाकरी आणि ताकासोबत आठवड्यातून एकदोनदा ही भाजी निरोगी माणसाने निर्धास्त खावी.

मधुमेहावर औषधे चालू असल्यास मात्र रस किंवा कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. अमेरिकी डॉक्टरला ‘कारले’ हा शब्द कळणार नाही. ‘बिटर मेलन’ म्हणावे आणि बाटली सोबत न्यावी. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने कमी करू नये.