पश्चिमेची खिडकी आणि मोटारीचा पडदा

दोह्यात भाड्याचे घर पाहायला निघालेला मराठी माणूस आधी स्वयंपाकघर पाहतो, मग देव्हारा कुठे मावेल याचा अंदाज घेतो आणि शेवटी खिडकीतून समुद्र दिसतो का, हे विचारतो. खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे मात्र तो विचारत नाही. ते त्याला जून महिन्यात कळते. संध्याकाळी कामावरून परत यावे, दार उघडावे, तर एसी दुपारभर चालू असूनही दिवाणखाना तापलेला आणि सोफ्याच्या पश्चिमेकडच्या हाताला हात लावण्याची सोय नाही! मग पडदे जाड घ्यावेत, काचेला कागद चिकटवावा, अशी चर्चा सुरू होते आणि हल्ली त्यात एक नवी सूचना येते : ‘मोटारीचे पडदे बसवा आणि ते फोनला जोडा.’

सूचना चांगली आहे. पण फोनला जोडणे हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. पडदा आपण सांगू तेव्हा बंद झाला, यात फारसे काही साधत नाही. आपण घरात नसताना, ऊन काचेवर पडण्यापूर्वी तो आपणहून बंद झाला, तर त्या मोटारीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

हे पटण्यासाठी सूर्याची थोडी चौकशी करावी लागेल. दोहा साधारण 25.3 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा वर आहे. पुण्यात मे महिन्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. दोह्यात तसे कधीच होत नाही, पण जूनमध्ये सूर्य डोक्यापासून जेमतेम दोन अंशांवर येऊन जातो. त्यामुळे भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, ते गच्चीवर पडते. खरा त्रास पूर्व आणि पश्चिमेचा. जूनमध्ये पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तोही पूर्वेच्या बराच उत्तरेला, आणि साडेसहाच्या आतबाहेर तसाच वायव्येकडे मावळतो. दुपारी साडेतीनला तो क्षितिजापासून सुमारे 37 अंशांवर उतरलेला असतो आणि पश्चिमेच्या काचेवर जवळजवळ समोरून येतो. गंमत अशी की उघड्यावर काम करण्यास उन्हाळ्यात असलेली बंदी 2021 पासून सकाळी 10 ते दुपारी 3.30 अशी आहे. म्हणजे बाहेरच्या माणसाची सक्तीची विश्रांती संपते, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीची पाळी सुरू होते. डिसेंबरात चित्र उलटते. दुपारचा सूर्य 41 अंशांवरच राहतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते आणि तेव्हा ते हवेसेही वाटते.

वेस्ट बे भागातला दोहा टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्याँ नुव्हेल यांनी रचलेली ही इमारत 2012 साली पूर्ण झाली. तिच्या अंगावरची जाळी चारही बाजूंना सारखी दाट नाही : उत्तरेला 25 टक्के, दक्षिणेला 40 टक्के आणि पूर्व-पश्चिमेला 60 टक्के. वरच्या परिच्छेदातले सगळे गणित त्या जाळीत आहे. याच नुव्हेल यांनी त्याआधी, 1987 साली, पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या दक्षिण भिंतीवर कॅमेऱ्याच्या डोळ्याप्रमाणे उघडमीट करणाऱ्या यांत्रिक जाळ्या बसवल्या होत्या. प्रकाश मोजून त्या आपोआप हलत. जग ते पाहायला गेले, पण यंत्रे वारंवार बिघडत राहिली. दोह्याची जाळी हलत नाही, म्हणून बिघडतही नाही. मोटार बसवण्याआधी ही जोडी लक्षात असावी.

आता पडदा कुठे असावा? ऊन काचेतून सहज आत येते. आतल्या पडद्याने ते अडवले की पडदा तापतो आणि ती उष्णता काचेतून तशी परत जात नाही, खोलीतच राहते. पडदा पांढरा असेल तर काही ऊन आल्या वाटेने परत जाते, एवढाच दिलासा. काचेबाहेरचे अॅल्युमिनियमचे शटर मात्र उन्हाला दारातच थांबवते. विदर्भात वाळ्याचे ताटे दाराखिडकीच्या बाहेर बांधत, आत नव्हे, हे आठवून पाहा. ज्यांच्या व्हिलाला बाहेरची शटर्स आहेत, त्यांनी आधी त्यांनाच मोटार लावावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना आतला पडदाच शक्य असतो. त्याचाही उपयोग आहे, विशेषतः अंगावर आणि सामानावर थेट पडणारे ऊन तुटते. पण बाहेरच्या शटरची बरोबरी त्याने करावी अशी अपेक्षा ठेवू नये.

शटरची मोटार नळीसारखी असते आणि गुंडाळीच्या आतच बसते. तिला सहसा चार तारा असतात : निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंगची, आणि तपकिरी व काळी या दोन दिशांच्या. एका तारेला फेज दिला की शटर वर, दुसरीला दिला की खाली. दोन्हींना एकाच वेळी वीज कधीही मिळता कामा नये. म्हणून भिंतीवरचे बटण एका वेळी एकच दाबले जाईल असे बनवलेले असते. टोकाला पोहोचल्यावर थांबवणारे स्विच मोटारीच्या आतच असतात. सतत वर-खाली केले तर चार-पाच मिनिटांत ती तापून स्वतःच बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालते. मुलांनी खेळ केला की ‘मोटार जळाली’ अशी ओरड होते, ती बहुतेक वेळा हीच असते.

यातली एक चूक आमच्याच घरी झाली, म्हणून सविस्तर सांगतो. दिवाणखान्यातली दोन शटर्स एकाच बटणावर चालावीत म्हणून कारागिराने दोन्ही मोटारींच्या तारा एकत्र पिळून टाकल्या. दिव्यांना हे चालते, मोटारींना नाही. चालत्या मोटारीतल्या कपॅसिटरमुळे तिच्या ‘न वापरलेल्या’ तारेवरही व्होल्टेज उभे राहते. एक शटर आधी टोकाला पोहोचून थांबले आणि दुसरे अजून चालत असले, की ते व्होल्टेज पहिल्या मोटारीला उलट दिशेने ढकलते. ती जरा सरकते, पुन्हा परत येते, पुन्हा सरकते. तीन आठवडे आमचे एक शटर असे थरथरत होते आणि शेवटी त्याचा आतला स्विच गेला. उपाय साधा आहे : प्रत्येक मोटारीला स्वतंत्र रिले, आणि ‘दोन्ही एकदम’ हा हुकूम रिलेंना द्यायचा, तारांना नाही.

हे रिले म्हणजेच होम ऑटोमेशनचा दरवाजा. बटणामागे बसणारे छोटे मॉड्यूल एका बाजूने बटण ऐकते, दुसऱ्या बाजूने रेडिओवरचा हुकूम ऐकते आणि दोन्ही दिशा एकदम चालू होणार नाहीत याची काळजी घेते. पडदा कुठे आहे हे मात्र त्याला दिसत नाही. वरून खाली यायला 24 सेकंद लागत असतील तर 12 सेकंदांनी तो अर्ध्यावर असणार, असा त्याचा हिशेब. रुळांत धूळ बसली की (आणि शमाल वारा सुटल्यावर ती बसतेच) हा हिशेब चुकू लागतो. दिवसातून एकदा पडदा पूर्ण टोकाला नेला की तो पुन्हा जुळतो. बटणाच्या डब्यात बऱ्याचदा न्यूट्रल तार आलेलीच नसते आणि मॉड्यूलला ती लागते, तेव्हा ते खरेदी करण्याआधी डबा उघडून घ्यावा. अर्थात वायरमनकडून, 240 व्होल्टशी आपण खेळू नये.

नवी व्हिला बांधताना किंवा पूर्ण दुरुस्ती करताना केएनएक्स ही तारेची पद्धत उत्तम. जुन्या युरोपीय पद्धती एकत्र येऊन 1999 साली तिची संस्था झाली. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल त्यात एकमेकांशी बोलतो आणि मधे मुख्य संगणक लागत नाही. पण भिंती फोडाव्या लागतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी रेडिओ. इथे आपल्या लोकांची हमखास फसगत होते, कारण वस्तू भावाने अमेरिकेतून किंवा मेहुण्याने मुंबईहून आणलेली असते. झेड-वेव्ह या पद्धतीची लहर अमेरिकेत 908.4, युरोपात 868.4 आणि भारतात 865.2 मेगाहर्ट्झ आहे. तिन्ही ठिकाणची उपकरणे दिसायला सारखी, पण एकमेकांना ऐकू येत नाहीत. शिवाय कतारमध्ये रेडिओ उपकरणांना कम्युनिकेशन्स रेग्युलेटरी ऑथॉरिटीची मान्यता लागते. झिगबी 2.4 गिगाहर्ट्झवर सगळीकडे सारखीच चालते. 2022 च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक भाषेत खिडकीचे पडदे पहिल्या आवृत्तीपासूनच आहेत, तेव्हा नवी खरेदी करताना तो शिक्का पाहावा. काही जुन्या रिमोटच्या मोटारी एकतर्फी असतात : हुकूम घेतात, ‘केले’ असे कळवत नाहीत. त्यांच्या फोनवरच्या ‘बंद’ या शब्दावर विसंबू नये.

भाडेकरूंसाठी बॅटरीची मोटार सोयीची. भिंतीला हात लावावा लागत नाही आणि घर सोडताना बरोबर नेता येते. फक्त लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्या पश्चिमेच्या काचेमागे दुपारी तेवढे तापमान सहज होते. चार्जिंग रात्री करावे. मोटारीला लावायचा सौर पट्टा भर उन्हातच चार्ज करतो, तेव्हा तो घेण्यापूर्वी कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा वाचावी. घरात लहान मूल असेल तर मोटारीचा आणखी एक फायदा म्हणजे लोंबती दोरी जाते. त्या दोरीचा फास बसून मुले दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत.

नियम कसा लिहावा? घड्याळावर नको. डिसेंबरात सूर्य पावणेपाचलाच मावळतो, जूनचे वेळापत्रक तेव्हा निरुपयोगी. होम असिस्टंटसारखी विनामूल्य प्रणाली सूर्याची दिशा आणि उंची सतत काढत असते. ‘सूर्य पश्चिमेला वळला आणि क्षितिजाच्या पाच अंश वर असेपर्यंत पश्चिमेचे पडदे खाली’ एवढे एक वाक्य वर्षभर पुरते. गच्चीवरचा प्रकाशाचा सेन्सर मी काढून टाकला. त्याच्या डोळ्यावर धूळ बसली की त्याला दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखे वाटे.

हा नियम घरातल्याच यंत्रात राहिला पाहिजे. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये अचानक बंद पडले आणि हजारो मैलांवरच्या त्या संगणकावर अवलंबून असलेली घरे गप्प झाली. जूनमध्ये ग्राहकांपैकीच काहींनी ती विकत घेऊन सुरू केली, पण दोह्यातला जून तेवढी वाट पाहत नाही. भिंतीवरचे बटणही काढू नये. आई-वडील भारतातून आले की त्यांना फोन नको असतो, बटण हवे असते. आणि झोपायच्या खोलीतले निदान एक शटर वीज नसतानाही हाताने उघडता आले पाहिजे, कारण आग लागते तेव्हा वीज बहुधा आधी जाते.

जुलैत सुट्टीवर जाण्यापूर्वी आठवडाभर आधी सगळे आपोआप चालते का, हे पाहून घ्यावे. एक दिवस राउटर बंद ठेवावा, दुसऱ्या दिवशी घराचा मेन स्विच दहा मिनिटे पाडून पुन्हा चढवावा, आणि चार वाजता खाली उतरून रस्त्यावरून आपल्या पश्चिमेच्या खिडक्या मोजाव्यात.