वाढता घेर, वाढती साखर आणि झाडपाल्याचा आधार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पूर्वी व्यायाम हा शब्द वेगळा उच्चारावा लागत नसे. वाडीचं शिंपणं, होडी ओढणं, जाळं खेचणं, बाजाराला पायी जाणं यातच दिवस संपायचा. आता वाडीत पंप आला, होडीला इंजिन आलं आणि नाक्यावर जायला मोटारसायकल किंवा मिनीडोअर आली. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. हा न जुळणारा हिशेब पोटाच्या घेरावर दिसतो आणि रक्तातल्या साखरेतही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'मी तर सडपातळ, मला काय होणार?' असं म्हणण्यात अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांची तुलना छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता; पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

स्नायूंची किमया

स्नायू काम करू लागले की ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. व्यायाम थांबल्यावरही दिवस-दोन दिवस ते इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नसावा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन-तीन वेळा उठाबशा, वजन उचलणं असे ताकदीचे व्यायाम, एवढं पुरे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात ठेवते.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना सुमारे अडीच वर्षं तपासलं. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीसारखं जगणाऱ्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला; आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत मात्र सुमारे ३९ जणांनाच. आहार-व्यायामाच्या जोडीला मेटफॉर्मिनची गोळी दिली, तरी त्याहून जास्त फायदा दिसला नाही.

वनस्पती कुठे बसतात?

झाडपाला म्हणजे थोतांड, असं मुळीच नाही. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासातच आहे. पण पानापासून गोळीपर्यंतच्या प्रवासात मात्रा, परिणाम आणि अपाय हे तिन्ही मोजले गेले. बाजारातल्या बहुतेक चूर्णांच्या बाबतीत हे मोजमाप अपुरं आहे.

मेथीचं उदाहरण घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तिच्यावर अभ्यास झाला. तिच्या दाण्यांतला चिकट तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरू देतो. उपयोग आहे, पण माफक. गुडमारचं पान चघळलं की जिभेला काही वेळ गोड लागत नाही. त्यामुळे साखरेची हाव कमी होईलही. पण जिभेची गोडी गेली म्हणजे रक्तातली साखर गेली, असं नव्हे.

आपल्या कोकमाचंही तसंच. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. कोकमाच्याच दक्षिणेकडच्या भावंडापासून 'गार्सिनिया' नावाच्या वजन घटवण्याच्या कॅप्सूल होतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे त्यांची चाचणी झाली, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा वजन अधिक घटल्याचं दिसलं नाही. उलट अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमसुलाचं सार खुशाल घ्यावं. बाटलीतल्या सरबतात मात्र कोकमापेक्षा साखरच जास्त असू शकते.

सावध राहण्याच्या जागा

दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नये. असा रस प्यायल्यानंतर २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. झटपट वजन उतरवणाऱ्या 'शुद्ध वनस्पतीजन्य' पुड्यांत सिबुट्रामीन हे औषध मिसळल्याचं अनेक देशांत उघड झालं आहे. हृदयाला धोका असल्यामुळे भारतात त्यावर २०११ पासून बंदी आहे. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. म्हणजे जाहिरात जितकी ठाम, तितका संशय जास्त.

सगळ्यात मोठा धोका आहे तो चालू औषध परस्पर बंद करण्याचा. पावडर सुरू करून गोळी किंवा इन्शुलिन सोडलं, तर साखर चढत असते आणि माणूस मात्र निश्चिंत असतो. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा तोवर झिजत राहतात. याउलट गोळी, चूर्ण आणि व्यायाम तिन्ही एकदम वाढवले तर साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दोन-तीन चमचे साखर खावी. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी असावी.

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. शिंपल्याची धार किंवा तापलेली वाळू कळतही नाही आणि साधी जखम चिघळते. तेव्हा पुळणीवर अनवाणी फिरू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत.

थोडक्यात, चालणं आणि ताटातला भात हा पाया. डॉक्टरांनी दिलेलं औषध ही भिंत. मेथीसारखी वनस्पती फार तर वरचा गिलावा. कोणतंही चूर्ण घेत असाल तर त्याचा डबा डॉक्टरांना दाखवा आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून घ्या. गुण आला की नाही, हे जाहिरातीपेक्षा तो आकडाच अधिक खरं सांगेल.