घरचा वस्तरा : थोडक्या पैशात, पण जपून

न्हावी धोकटी काखेत मारून वाड्यावस्त्यांवर यायचा, तो काळ आता बराचसा मागे पडला. बारा बलुतेदारांतला हा गावाला लागणारा माणूस. सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचा आणि वर्षभर घरातल्या गडीमाणसांची हजामत करायचा. पन्हाळ्याच्या वेढ्यातून १६६० साली शिवाजी महाराज बाहेर पडले, तेव्हा महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेले आणि प्राण दिलेले वीर शिवा काशिद याच समाजातले.

आज सलून बाजाराच्या गावी गेले आहे. डोंगरकपारीतल्या वाडीवरच्या माणसाला दाढीसाठी अर्धा दिवस मोडावा लागतो. भांगलण सोडून कोण जाणार? म्हणून घरीच वस्तऱ्याने दाढी करावी असे पुष्कळांच्या मनात येते. गोष्ट अवघड नाही आणि खर्चाचीही नाही. मात्र वस्तरा हे हत्यार आहे, हे ध्यानात ठेवूनच सुरुवात करावी.

कोणता वस्तरा घ्यावा?

वस्तऱ्याचे दोन प्रकार आहेत. पहिला जुना, अखंड पोलादाचा. त्याला निसण्यावर धार लावावी लागते आणि दर दाढीला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. दुसरा पाते घालायचा, आज सलूनमध्ये दिसतो तो. नवशिक्याने हा दुसराच घ्यावा. दीड-दोनशे रुपयांत साधा स्टीलचा वस्तरा मिळतो. नेहमीचे दुधारी पाते कागदासकट मधोमध वाकवले की त्याचे दोन तुकडे होतात, त्यातला एक आत बसवायचा. कागद काढून पाते मोडायला जाऊ नये, बोट कापते. साबण, ब्रश, आरसा आणि तुरटीचा खडा मिळाला की सामान पुरे झाले.

आजोबांचा वस्तरा पेटीत सापडला तर तो टाकू नका, पण लगेच गालालाही लावू नका. धारेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर तो कामाचा नाही. धार शाबूत असेल तर पहिल्यांदा जाणत्या कारागिराकडून लावून घ्यावी. पट्टा मात्र आपल्याकडे घरचाच होऊ शकतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तसले चामडे पट्ट्याला उत्तम. दोन-अडीच इंच रुंद, हातभर लांब, सपाट तुकडा चांभाराकडून कापून घ्यावा. निसण्यावर धार पुढे ठेवून वस्तरा ओढतात, पट्ट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. यात चूक झाली की पट्टाही फाटतो आणि धारही मरते.

हात कसा बसवावा?

आधी फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो वस्तऱ्याने काढून बघावा. फुगा फुटेनासा झाला म्हणजे हात हलका झाला. दाढी आंघोळीनंतर करावी, कारण गरम पाण्याने केस मऊ पडतात. फेस दोन-तीन मिनिटे घोळवावा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. वस्तऱ्याची पाठ गालापासून साधारण दोन पाठींच्या जाडीएवढी उचललेली असावी. जास्त उभा धरला की कापते, अगदी आडवा धरला की केस ओढतो. केस ज्या दिशेने वळलेत त्याच दिशेने, आखूड आखूड हात मारावा. वस्तरा आडवा सरकवायचा नाही, दाबायचा नाही.

पहिले दोन आठवडे फक्त गाल करावेत. हनुवटी, ओठावरची जागा आणि गळा नेहमीच्या रेझरने उरकावा. घाईच्या दिवशी, पोरं भोवती खेळत असताना वस्तरा हातात घेऊ नये. ज्याचा हात थरथरतो, ज्याला साखरेचा आजार आहे किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. दाढी झाली की गार पाणी आणि तुरटी. वस्तरा धुऊन पुसून कोरडा ठेवावा, जुन्या वस्तऱ्याला तेलाचा हात द्यावा.

एकाचा वस्तरा दुसऱ्याला नाही

खरी जपायची गोष्ट पुढेच आहे. पूर्वी एकाच वस्तऱ्याने अख्ख्या गावाची दाढी व्हायची. आता असे करणे जिवावरचे आहे. ‘हिपॅटायटिस बी’ ही यकृताची कावीळ रक्तातून पसरते आणि तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकून राहतो. ‘हिपॅटायटिस सी’ही रक्तातूनच पसरते आणि तिच्यावर लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ‘बी’चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे ५५ लाख रुग्ण होते. यातल्या पुष्कळांना वर्षानुवर्षे काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून माणूस धडधाकट दिसतो यावर जाऊ नये.

तेव्हा बाप-लेक असले तरी पाते वेगळे, आणि तुरटीचा खडाही वेगळा. सलूनमध्ये एकच खडा दहा जणांच्या गालावर फिरतो, तिथे लोकांचे लक्ष जात नाही. “दादा, पातं नवं घाला, खडा नको,” एवढं म्हणायला लाजायचं कशाला? चांगला कारागीर त्याचा राग धरत नाही. ‘बी’ची लस २०११ पासून देशभर बाळांच्या लसीकरणात आहे. मोठ्या माणसांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ साली सुरू झाल्यापासून या दोन्ही आजारांची तपासणी व उपचार शासकीय केंद्रांत मोफत होतात.

पाते उकिरड्यावर नको

वापरलेले पाते उकिरड्यात गेले की शेणखताबरोबर शेतात येते. भांगलणाऱ्या बाईच्या पायात घुसते किंवा वैरणीतून म्हशीच्या पोटात जाते. पोटातले लोखंड हृदयापर्यंत टोचून जनावर दगावते. यावर उपाय फुकटचा आहे. पत्र्याच्या डब्याला झाकणात चीर पाडा, पाती त्यात टाका, डबा भरला की चीर ठोकून बंद करा.

ग्रामसेवक, सरपंच आणि गावच्या आरोग्य व स्वच्छता समितीनेही हा विषय ग्रामसभेत घ्यावा. गावातल्या नाभिक बांधवांना विश्वासात घेऊन दर गिऱ्हाइकाला नवे पाते आणि सलूनमध्ये पात्यांचा डबा एवढे ठरले, तरी खूप झाले. दोन-चार रुपयांच्या पात्यापायी गावात कावीळ येऊ देणे कुणालाच परवडणार नाही.