व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी का पाहावी?

हातकणंगले : घरातील व्यसनी माणसाला केंद्रात दाखल करताना आधी शुल्काची चौकशी होते. हातकणंगले, इचलकरंजी परिसरातील नातेवाइकांनी त्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहणे हिताचे ठरेल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही त्यात समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. प्रथम १२ महिन्यांची तात्पुरती नोंदणी मिळते. किमान मानकांची पूर्तता झाल्यावर ती कायम होते. त्यानंतर दर ३ वर्षांनी तपासणी असते. विनानोंदणी केंद्राला पहिल्या वेळी ५ ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो.

ही मानके केवळ कागदोपत्री नाहीत. रुग्णाला स्वच्छ निवास, सकस अन्न व खासगीपणा मिळालाच पाहिजे. साखळदंडाने बांधणे, सक्तीने मुंडण करणे कायद्याला मान्य नाही. तक्रारीसाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी केंद्रात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. तो फलक नसेल, तर नातेवाइकांनी रुग्णाला तेथे सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.