रोप लावणे सोपे, झाड जगवणे कठीण

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की शहरोशहरी वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. खड्डा आधीच खणलेला असतो. मान्यवर त्यात मूठभर माती लोटतात, छायाचित्रे निघतात आणि लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो. त्यांतील किती रोपे पुढचा उन्हाळा पाहतात, हा प्रश्न मात्र समारंभात विचारला जात नाही. शहराची हिरवाई अवलंबून असते ती नेमकी याच प्रश्नाच्या उत्तरावर.

आकड्यांचा मोह मोठा असतो. राज्यातील वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी होते. ते २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर पोहोचले. पुढे २०२१ मध्ये याच मोहिमेच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा विधिमंडळात करावी लागली. रोपे लावल्याची नोंद एका दिवसात होते. ती जगल्याची नोंद ठेवायला मात्र वर्षे लागतात.

शहरांतील झाडांसाठी राज्यात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार महापालिकेत आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वृक्ष प्राधिकरण असते. झाड तोडण्यास परवानगी देणे वा नाकारणे, वृक्षगणना करणे आणि नव्या लागवडीवर देखरेख ठेवणे ही त्याची कामे. मुंबईत २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आढळली. कायद्यात २०२१ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे, ती किमान सहा ते आठ फूट उंचीची असणे आणि सात वर्षे त्यांची निगा राखणे बंधनकारक झाले.

कागदावर हा हिशेब चोख वाटतो. साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपे! परंतु दाट वस्तीत साठ रोपांना जागा कोठून आणायची? भरपाईची लागवड मग शहराच्या कडेला सरकते. ज्या रस्त्यावरची सावली गेली, त्या रस्त्याच्या वाट्याला ती परत येत नाही.

कोणते झाड कोठे लावायचे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न. वड आणि पिंपळ मोकळ्या मैदानाची शोभा. अरुंद पदपथावर त्यांच्या मुळांना वाव नसतो. तेथे बहावा, ताम्हण, बकुळ असे मध्यम आकाराचे देशी वृक्ष अधिक योग्य. एकाच जातीच्या रांगा लावण्यातही धोका असतो. मुंबईच्या अनेक रस्त्यांवर सावली धरणाऱ्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतील वर्षावृक्षांवर २०१० नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला आणि ठिकठिकाणी डेरेदार झाडे वाळून गेली. निरनिराळ्या जातींची झाडे असती तर अख्खा रस्ता उघडा पडला नसता.

वाढलेल्या झाडाचा शत्रू वेगळाच, तो म्हणजे बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट. त्यामुळे मुळांना पाणी व हवा मिळत नाही, झाड कमकुवत होते आणि वादळवाऱ्यात कोसळते. झाडांभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात दिला होता. तरीही रस्तेदुरुस्तीच्या कामात बुंधे पुन्हा पुन्हा काँक्रीटमध्ये बुजवले जातात; कारण रस्ता एका खात्याचा आणि झाड दुसऱ्या खात्याचे.

संयमाने काम केले तर काय साधते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी जेथे एकेकाळी शहराचा कचरा टाकला जात असे, तेथे आज सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. तेथील पहिले रोप ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते १९८३ मध्ये लावण्यात आले. उद्यान जनतेसाठी खुले झाले ते १९९४ मध्ये. मधली अकरा वर्षे माती तयार होण्याची आणि झाडे रुजण्याची होती.

म्हणूनच वृक्षलागवडीच्या अंदाजपत्रकात रोपांच्या किमतीपेक्षा टँकर, माळी, संरक्षक जाळी आणि दरवर्षीची मोजणी यांसाठीची तरतूद आधी पाहायला हवी. नागरिकांनाही आपल्या प्रभागात गेल्या पावसाळ्यात किती रोपे लागली आणि त्यांतील किती जगली, हे विचारता येईल. हा प्रश्न विचारण्याचा खरा मुहूर्त जूनमधला नव्हे, तर रणरणत्या एप्रिलमधला आहे.